अजिंठ्याच्या कलेतील नदी, दरी व वन्यजीव

अजिंठ्याच्या कलेतील नदी, दरी व वन्यजीव : महाराष्ट्रातील अजिंठा येथील लेण्यांची चित्रे व शिल्पे वाघोरा (वाघूर) नदीच्या अरुंद, अर्धवर्तुळाकार दरीत निर्माण झाली. वन्य नदी, तिने कोरलेली दरी आणि त्या परिसरातील पशुपक्षी ह्यांचा कलेशी घडलेला एवढा निकटचा व दीर्घ सहवास भारतीय कलेच्या इतिहासात क्वचितच आढळतो. तथापि अजिंठ्याविषयीचे बहुतेक समीक्षणात्मक लेखन मानवाकृती, अलंकरण, रेषा आणि बौद्ध प्रतिमाशास्त्र ह्यांभोवती फिरते. निसर्गाचा उल्लेख बहुधा पार्श्वभूमी म्हणून येतो. काही अभ्यासकांनी तर अजिंठ्यास निसर्गचित्र ठाऊकच नव्हते, असा निष्कर्ष काढला आहे. शब्दशः घेतला, तर तो चुकीचा नाही. समोरची दरी जशी दिसते तशी रंगविल्याचे एकही चित्र येथे ओळखता येत नाही. परंतु त्यावरून येथील कलावंताला दरीशी कर्तव्य नव्हते, असे म्हणणे रास्त ठरणार नाही. त्याने दरीचे दृश्य काढले नाही. नदी, कडा व खोल गर्ता ही प्राणिमात्रांच्या कसोटीची स्थळे म्हणून रंगविली आणि त्या कसोटीस उतरण्याचा मान बहुतेक वेळा वन्य प्राण्याला दिला. अजिंठ्याच्या निसर्गदृष्टीचे मर्म येथे आहे. प्रस्तुत नोंदीत तिचे स्वरूप, तिच्या मर्यादा व तिचे आजचे महत्त्व ह्यांचा विचार केला आहे.

स्थळ व भूरचना : अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) ईशान्येस सु. १०० किमी. अंतरावर फर्दापूर गावानजीक आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी वाघोरा पुढे तापीस मिळते. लेण्यांच्या माथ्याशी ती ‘सातकुंड’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या धबधब्याने दरीत उतरते आणि घोड्याच्या नालेसारखे वळण घेते. ह्या वळणाच्या बाहेरील अंगास सु. ७६ मी. उंचीचा बेसाल्टचा उभा कडा असून त्यात सु. ५५० मी. लांबीच्या पट्ट्यात लहानमोठी ३० लेणी खोदलेली आहेत. लाव्ह्याच्या एकावर एक थरांतून नदीने ही दरी कापून काढली. ज्या कातळात मनुष्याने छिन्नी चालविली, तोच कातळ त्याआधी पाण्याने कोरलेला होता.

उन्हाळ्यात ह्या पात्रात थोडी डबकीच उरतात. पावसाळ्यात मात्र कड्यावरून पाण्याचे पदर लोंबतात, धबधब्याचा घोष लेण्यांत घुमतो आणि संपूर्ण दरी हिरवीगार होते. ऋतूंमधील हा टोकाचा भेद येथील निसर्गाचे मुख्य लक्षण होय. वर्षावासाच्या तीन महिन्यांत भिक्षूंनी एका जागी राहावे, हा बौद्ध संघाचा नियम लक्षात घेता, दरी सर्वाधिक जिवंत असते त्याच काळात लेण्यांतही सर्वाधिक वस्ती असणार, हे उघड आहे.

येथील एक बाब आजच्या प्रेक्षकाच्या ध्यानात सहसा येत नाही. आज सर्व लेण्यांना जोडणारी वाट कड्याच्या मध्यातून जाते आणि प्रेक्षक एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात आडवा चालत जातो. मूळ योजनेत प्रत्येक लेण्यास नदीच्या पात्रातून वर येणारा स्वतंत्र जिना होता. म्हणजेच, जुन्या काळी येणारा भिक्षू वा उपासक प्रथम नदीपाशी उतरे आणि मग पाण्याकडे पाठ करून अंधाऱ्या दालनाकडे चढे. क्र. १६ च्या लेण्याच्या जिन्यावर आजही दोन्ही बाजूंस दगडी हत्ती व पुढे नागराजाची मूर्ती दिसते. नाग हा जलाशयाचा रक्षक मानला जात असल्याने ह्या प्रवेशाचा अर्थ स्पष्ट आहे : पाण्याच्या अधिपतीस ओलांडून बुद्धाच्या निवासात जावयाचे. क्र. १९ च्या प्रांगणातील राणीसह बसलेला नागराज आणि उत्तरकालीन अनेक लेण्यांच्या द्वारशाखांच्या वरच्या कोपऱ्यांतील मकरावर उभ्या असलेल्या स्त्रीमूर्ती ह्याच संकेताचे विस्तार होत. नदी येथे प्रथम शिल्पात, तीही उंबरठ्यावर भेटते.

कालखंड व आश्रयदाते : लेण्यांचे दोन कालखंड सर्वमान्य आहेत. पहिल्या कालखंडातील क्र. ९ व १० ही चैत्यगृहे आणि त्यांलगतचे काही विहार इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत. दुसऱ्या कालखंडातील लेणी इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यांचा संबंध वाकाटक घराण्याच्या वत्सगुल्म (वाशिम) शाखेतील हरिषेण राजाशी आहे. वॉल्टर स्पिंक ह्यांनी ह्या दुसऱ्या कालखंडाचे बहुतेक काम सु. ४६०–८० ह्या दोन दशकांत आटोपल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या कालगणनेच्या तपशिलांबाबत मात्र मतभेद आहेत. वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेची राजधानी नंदिवर्धन म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेकजवळचे नगरधन होय. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा साक्षेपी संग्रह नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी सिद्ध केला व तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अजिंठ्याचा विचार विदर्भाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, ह्याची जाणीव ह्या कार्यामुळे दृढ झाली.

क्र. १६ चे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्याने दान दिले. त्याच्या शिलालेखात ज्या पर्वतात हे निवासस्थान कोरले त्याचे वर्णन येते. जलभाराने लवलेले मेघ त्यावर लोंबतात, असा त्याचा आशय आहे. दात्याला आपल्या दानाचे माहात्म्य सांगताना खांबांच्या व चित्रांच्या सौंदर्याबरोबर डोंगराचे व ढगांचेही स्मरण होते, ही गोष्ट बोलकी आहे. सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्यूएनत्संग ह्याने महाराष्ट्राच्या वर्णनात अंधाऱ्या दरीतील एका संघारामाचा व त्याच्या दाराबाहेरील दगडी हत्तींचा निर्देश केला आहे. तो अजिंठ्यास उद्देशून असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे स्थळाची कीर्ती दरीसकट पसरली होती.

चित्रद्रव्य : अजिंठ्याच्या चित्रांचे पुष्कळसे द्रव्य दरीच्या परिसरातूनच आलेले आहे. छिन्नीच्या खुणांनी खडबडीत राहिलेल्या भिंतीवर माती, वाळू, दगडाची बारीक कच, भाताचे तूस, गवत व इतर वनस्पतिजन्य तंतू ह्यांचा गिलावा चढविला जाई. त्यावर पांढरा पातळ थर देऊन तो वाळल्यावर सरस वा डिंक ह्यांसारख्या बंधकात कालविलेले रंग लावीत. ओल्या चुन्यावर रंगविण्याच्या पाश्चात्त्य भित्तिचित्रणपद्धतीहून ही पद्धती भिन्न आहे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी व पांढरी द्रव्ये एवढी ही रंगपेटी मर्यादित होती. त्यांपैकी हिरवी माती बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या खनिजांपासून होते. निळा रंग मात्र लाजवर्द ह्या खनिजाचा असून त्याचा उगम अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींत होता; तो मुख्यतः दुसऱ्या कालखंडात दिसतो.

ह्या द्रव्यविचारातून समीक्षेच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. अजिंठ्याच्या चित्रांतील तांबूस, मातकट, काळपट-हिरवी वर्णसंगती ही केवळ अभिरुचीचा परिणाम नव्हे. ती भूमीची देणगी आहे. उन्हाळ्यातील कडा व पावसाळ्यातील शेवाळ ह्यांचे रंग आणि चित्रांतील रंग एकाच कुळातील वाटतात, ह्याचे कारण त्यांची द्रव्ये काही अंशी एकच आहेत. दरीचे चित्र न काढताही दरी चित्रात उतरली, ती प्रथम ह्या अर्थाने.

नदी, कातळ व वृक्ष ह्यांचे चित्रण : चित्रांतील नदी व सरोवर ही संकेतांनी दाखविली आहेत. समांतर लाटांच्या रेषा, त्यांत मासे व कमळे एवढ्यावर पाणी ओळखावे अशी अपेक्षा असते. हा संकेत सांचीच्या शिल्पांपासून चालत आलेला आहे. पाण्याची खोली, प्रतिबिंब, फेस वा ओढ दाखविण्याचा प्रयत्न सहसा नाही. कातळाचे चित्रणही असेच ठरीव साच्याचे आहे. टोकदार, चौकोनी ठोकळे एकमेकांवर रचल्यासारखे डोंगर दिसतात. त्यांच्या एका बाजूस उजळ व दुसऱ्या बाजूस गडद छटा दिलेली असते. हे ठोकळे पाहून अजिंठ्याच्या थरथरांच्या बेसाल्टची आठवण होणे स्वाभाविक आहे व काहींनी तसे साम्य सुचविलेही आहे. परंतु रचलेल्या शिळांचा हा संकेत अजिंठ्यापूर्वीच्या शिल्पांतही आढळतो. म्हणून तो स्थानिक कातळाच्या निरीक्षणातून उपजला असे न म्हणता, परंपरेने मिळालेला संकेत येथील कातळाशी सहज जुळला, एवढेच म्हणणे सुरक्षित आहे.

वृक्षांच्या बाबतीत निरीक्षण अधिक सूक्ष्म आहे. पानांच्या आकारावरून व मांडणीवरून वड, आंबा, अशोक, केळ, सुपारी असे अनेक वृक्ष ओळखता येतात. मात्र तेथेही प्रत्येक पान दिसावे असा आग्रह असल्याने वृक्षाला घेर येतो, खोली येत नाही. दूरचे ते लहान व धूसर हा नियम येथे नाही. ज्या समीक्षकांनी युरोपीय निसर्गचित्राचे माप लावले, त्यांना ही उणीव वाटली. आणि त्या मापाने ती उणीव आहेच. अजिंठ्याची उंची, दरीची पोकळी, समोरच्या कड्याचे अंतर ह्यांतील काहीही ह्या चित्रांत अनुभवास येत नाही. जे अजिंठ्यात नाही ते त्यात शोधून काढण्याचा अभिमानी उद्योग जसा व्यर्थ, तसाच ते नाही म्हणून त्यास कनिष्ठ ठरविणेही व्यर्थ होय.

समकालीन काव्याशी तुलना केल्यास हा भेद उठून दिसतो. कालिदासाच्या मेघदूताचा रामगिरी म्हणजे रामटेक, ह्या मताचे मिराशींनी समर्थन केले. ह्या काव्यात मेघाच्या मार्गावरील नद्या स्वतंत्र स्वभावाच्या नायिकांसारख्या येतात आणि विंध्याच्या पायथ्याशी खडकांवरून विखुरलेली रेवा उंचावरून पाहिल्यासारखी दिसते. अजिंठ्याच्या चित्रकाराचा काळही ह्या काव्याच्या काळापासून फार दूरचा नाही. तेव्हा नदीचे दृश्य पाहण्याची दृष्टी त्या युगाजवळ नव्हती, असे म्हणता येत नाही. ती काव्यात होती. चित्रकाराने आपल्या कामासाठी वेगळी दृष्टी निवडली.

प्राणिचित्रण : ह्या वेगळ्या दृष्टीचे सामर्थ्य प्राण्यांच्या चित्रणात प्रकट होते. हत्ती हा अजिंठ्याचा सर्वांत समर्थपणे रंगविलेला प्राणी होय. क्र. १० मधील षड्दंत जातकाच्या जुन्या पट्ट्यात आणि क्र. १७ मधील त्याच कथेच्या उत्तरकालीन चित्रात हत्तींचे कळप आहेत. दोहोंमध्ये पाच-सहाशे वर्षांचे अंतर असूनही सोंडेची लवचीक हालचाल, कानांची फडफड, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना येणारा डौल ह्या गोष्टी दोन्ही ठिकाणी प्रत्ययास येतात. कातळ व पाणी ह्यांसाठी साचा वापरणारा चित्रकार प्राण्यापाशी येताच साचा बाजूला ठेवतो. हत्ती त्याला राजदरबारी व सैन्यातही पाहावयास मिळत असणार. परंतु कमलसरोवरात स्वैर क्रीडा करणारा कळप हा माहुताच्या हत्तीवरून काढता येणारा नव्हे.

क्र. २ मधील हंसांच्या पट्ट्यात ओळीने येणाऱ्या हंसांची मान, चाल व वळण निरनिराळे आहे. नक्षीच्या पट्ट्यात एकच आकृती पुनःपुन्हा वापरणे सोयीचे असते. ती सोय चित्रकाराने नाकारली आहे. क्र. १ मधील एका स्तंभशीर्षावर चार हरणांच्या देहांना एकच मस्तक दिले आहे. प्रत्येक देहाकडून पाहिले असता ते मस्तक त्याचेच वाटते. हे शिल्प चमत्कृती म्हणून प्रसिद्ध असले, तरी तिचे यश हरणाच्या बसण्या-उठण्याच्या व मान वळविण्याच्या अचूक ज्ञानावर अवलंबून आहे. त्याच लेण्यातील झुंजणाऱ्या बैलांच्या चित्रात खांद्यांचा ताण व पायांची रोवणी ही थोड्या रेषांत साधली आहे. वानरांच्या चित्रणात मिस्कीलपणा, भय व चपळाई ह्यांचे मिश्रण दिसते. वानरांचे कळप आजही ह्या दरीत वावरतात. ह्याउलट सिंह बहुधा अलंकरणाच्या परंपरेतून आल्यासारखा ठरीव वाटतो.

प्राणी रंगविण्याची परंपरा ह्या प्रदेशाच्या आसपास फार जुनी आहे. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रय प्रसिद्धच आहेत. विदर्भाच्या सीमेलगत बेतूल जिल्ह्यातील धारूळजवळ सातपुड्याच्या कपारींत २००७ मध्ये उजेडात आलेल्या चित्रित शैलाश्रयांतही वन्य प्राण्यांची चित्रे आहेत. ह्या चित्रांतील प्राणी मुख्यतः शिकाऱ्याच्या नजरेने पाहिलेले दिसतात. अजिंठ्यात शिकारी हा चित्रातील एक पात्र झाला आणि चित्रकार शिकारीच्या बाजूने उभा राहिला. प्राणिचित्रणाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मोलाचे आहे.

कसोटीचे स्थळ म्हणून दरी : क्र. १७ च्या विहारात जातककथांची चित्रे सर्वाधिक आहेत. त्यांतील पुढील पाच कथा एकत्र पाहिल्या असता एक समान सूत्र ध्यानात येते. महाकपी जातकाच्या एका कथेत वानरांचा राजा गंगेवर स्वतःच्या देहाचा पूल करतो आणि त्याच्या पाठीवरून कळप पलीकडे जातो. बाण रोखून उभे असलेले धनुर्धर व घोड्यावर बसलेला राजा हे दृश्य पाहतात. दुसऱ्या महाकपी कथेत खोल गर्तेत पडलेल्या माणसाला वानर वर काढतो आणि तो माणूस त्या थकून झोपलेल्या वानराच्या डोक्यात दगड घालतो. शरभ जातकात पाठलाग करणारा राजाच खड्ड्यात पडतो; शरभ आधी दगड घेऊन भार पेलण्याचा सराव करतो व मग राजाला वर आणतो. रुरू जातकात सोनेरी मृग नदीत वाहून जाणाऱ्या माणसाला वाचवितो व तोच माणूस त्याचा ठावठिकाणा राजाला सांगतो. हस्ती जातकात भुकेल्या वाटसरूंना आपले मांस मिळावे म्हणून हत्ती कड्यावरून उडी घेतो.

नदी ओलांडणे, गर्तेतून वर काढणे, पुरातून वाचविणे, कड्यावरून झेप घेणे ही ह्या पाच कथांची निर्णायक कृत्ये होत. प्रत्येकीत भूरूप संकट निर्माण करते, वन्य प्राणी त्यावर मात करतो आणि मनुष्य ऋणी, बहुधा कृतघ्न ठरतो. ह्या कथा अजिंठ्यासाठी रचलेल्या नाहीत. महाकपीची कथा भारहूत व सांची येथेही कोरलेली आहे आणि आर्यशूराच्या जातकमालेत ह्यांपैकी अनेक कथा आहेत. तेव्हा दरी होती म्हणून ह्या कथा निवडल्या, असे कार्यकारण सिद्ध करता येणार नाही. पण कलाकृतीचा अर्थ तिच्या उगमाबरोबर संपत नाही; ती जेथे पाहिली जाते तेथेही तो घडतो. नदीच्या पात्रातून उभा जिना चढून आलेल्या माणसाने कड्याच्या पोटातील दालनात, दिव्याच्या उजेडात, कड्यावरून उडी घेणारा हत्ती पाहिला म्हणजे त्या उंचीचे माप त्याच्या पायांना ठाऊक असते. चित्रात न दाखविलेली खोली प्रेक्षक स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो. दरीची पोकळी रंगविण्याचे चित्रकाराला प्रयोजन नव्हते, ते ह्यामुळे.

ह्या विवेचनास कथनपद्धतीच्या अभ्यासाने दुजोरा मिळतो. अजिंठ्याच्या भिंतींवरील प्रसंग काळाच्या क्रमाने लागत नाहीत, ते स्थळानुसार एकत्र येतात, हे डीटर श्लिंगलॉफ ह्या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले. विद्या देहेजिया ह्यांनीही १९९० मध्ये बौद्ध शिल्पचित्रांतील कथनपद्धतींचे वर्गीकरण करताना अजिंठ्यातील ही स्थलप्रधान गुंफण स्पष्ट केली. एका नदीकाठी घडणारे आरंभीचे व शेवटचे प्रसंग शेजारी येतात. मधल्या काळातील राजवाड्यातील प्रसंग भिंतीच्या दुसऱ्या टोकास जातो. म्हणजे, नदी, वन, कडा व नगर ही ह्या चित्रांची पार्श्वभूमी नसून त्यांची वाक्यरचना आहे. कोठे घडले हे कळल्याखेरीज काय घडले हे वाचता येत नाही. जी कला स्थळाला एवढे अधिकार देते, तिला निसर्गाविषयी उदासीन म्हणणे अयोग्य होय.

मातृपोषक जातकाच्या चित्रात ही दृष्टी परमोत्कर्षास पोचते. पकडून आणलेला पांढरा हत्ती राजधानीत अन्न वर्ज्य करतो. राजा त्याला सोडतो व तो वनात आपल्या आंधळ्या मातेकडे परत येतो. भेटीच्या प्रसंगात सोंडांच्या स्पर्शाखेरीज अन्य कोणताही अभिनय नाही. मानवी भावना प्राण्यावर लादण्याचा मोह येथे सहज झाला असता. चित्रकाराने हत्तीला हत्तीच ठेवले आणि हत्तीच्या देहाला जे शक्य आहे तेवढ्यातूनच वात्सल्य व्यक्त केले. वन्यजीवांवर आधारलेल्या कोणत्याही काळातील कलेस हा आदर्श मानावा लागेल.

पाश्चात्त्य दरीचित्रांशी तुलना : दरी व वन्य नदी हा स्वतंत्र चित्रविषय होणे ही पाश्चात्त्य जगातील मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची घटना आहे. अमेरिकन चित्रकार टॉमस मोरन ह्याने १८७१ मध्ये यलोस्टोनचा प्रवास केला. तेथील दरीचे त्याचे १८७२ मधील भव्य चित्र अमेरिकी काँग्रेसने १०,००० डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले व त्यास मोरनच्या रेखाटनांचे साहाय्य झाले. कलेने दरीचे रक्षण केल्याचे हे ठळक उदाहरण होय. मोरनचा प्रेक्षक दरीच्या काठावर उभा असतो; पोकळीचा विस्तार, प्रकाश व दूरत्व हा त्याचा विषय असतो आणि प्राणी असलेच, तर प्रमाण कळण्यापुरते. अजिंठ्याचा प्रेक्षक दरीच्या भिंतीच्या आत असतो. त्याला दरी दिसत नाही, प्राणी मात्र डोळ्यांसमोर असतो. पहिली दृष्टी विस्मयाची, दुसरी ऋणाची. एकीने दुसरीस खोटे पाडण्याचे कारण नाही. परंतु आधुनिक भारतीय कलावंताने पहिलीच तेवढी निसर्गकला मानावी, हे त्याच्या वारशास शोभत नाही.

प्रतिकृतींचा काळ : एप्रिल १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. क्र. १० मधील एका स्तंभावर त्याने आपले नाव व दिनांक कोरून ठेवला. जातककथांतील शिकाऱ्याचे आगमन जणू पुन्हा एकदा झाले. पुढे रॉबर्ट गिल ह्याने १८४४ पासून सु. दोन दशके चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२–८५ ह्या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतीलही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडन येथेच आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांवर आधारित दोन खंड १८९६–९७ मध्ये निघाले. १९०९–११ ह्या काळात लेडी हेरिंगहॅम ह्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार इत्यादींनी काम केले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी व हैदराबाद संस्थानच्या वतीने गुलाम याझदानी ह्यांनी पुढे ग्रंथरूपाने अजिंठा वाचकांपुढे आणला.

ह्या सर्वांचे उपकार थोर आहेत. आज भिंतीवरून गळून गेलेले कित्येक तपशील त्यांच्या प्रतिकृतींतच शिल्लक आहेत. परंतु प्रतिकृतीचा एक अटळ परिणाम झाला. चित्र भिंतीपासून व भिंत दरीपासून सुटली. ग्रिफिथ्सच्या खंडांतून छतावरील हत्ती, हंस व कमळे नक्षीचे नमुने म्हणून देशभर गेली आणि पद्मपाणीचे मुख स्वतंत्र छायाचित्रासारखे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आले. नदीकाठच्या प्रसंगांची सलग भिंत मात्र पुस्तकाच्या पानात मावत नव्हती, म्हणून ती समीक्षेतही मावली नाही. अजिंठ्यास निसर्गचित्र नाही, हे मत बळावण्यास हा इतिहास बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

जतन व आजचे महत्त्व : ज्या दरीने चित्रांना द्रव्य दिले, तीच त्यांचा ऱ्हासही घडवीत आहे. पावसाळ्यात कातळाच्या भेगांतून झिरपणारे पाणी गिलावा सैल करते. गिलाव्यातील तूस व तंतू हे कसरीसारख्या कीटकांचे खाद्य होते. वटवाघळांच्या विष्ठेने रंग खराब होतात व कुंभारीण माशा चित्रांवर मातीची घरटी बांधतात. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत संरक्षणासाठी लावलेल्या वॉर्निशासारख्या लेपांनी कालांतराने रंग पिवळट व काळपट केले. ते काढण्याचे कष्टाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास करावे लागले. १९८३ मध्ये अजिंठ्याचा समावेश यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. प्रेक्षकांच्या गर्दीने वाढणारी आर्द्रता ही आजची मोठी समस्या आहे.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. वन्यजीवांच्या गौरवासाठी रंगविलेल्या भिंतींचे रक्षण करण्यासाठी वन्यजीवांना लेण्यांतून दूर ठेवावे लागते. दारांना जाळ्या लावणे अपरिहार्य आहे. पण जतनाचा विचार जाळीपाशी थांबला, तर दालने उरतील व त्यांचा अर्थ देणारी दरी हरवेल. नदीचे पात्र, सातकुंड, समोरची वनराई व त्यातील वानरे-पक्षी हा चित्रांचा परिसर नव्हे, त्यांचा अर्धा भाग होय. मोरनच्या रेखाटनांनी दरी वाचविण्यास साहाय्य केले. अजिंठ्याच्या बाबतीत चित्रे वाचवावयाची असल्यास दरी वाचविणे हा त्याचाच भाग आहे.

कलाविचाराच्या दृष्टीने अजिंठ्याची शिकवण ह्याहूनही व्यापक आहे. आज वन्य नद्या, दऱ्या व प्राणी हे चित्र, छायाचित्र व चित्रपट ह्यांचे लोकप्रिय विषय आहेत आणि दुर्मिळ क्षण टिपण्याच्या तांत्रिक कौशल्याने अजिंठ्यास केव्हाच मागे टाकले आहे. तथापि ह्या निर्मितीत प्राणी बहुधा प्रेक्षणीय वस्तू म्हणून येतो. पाहणारा त्याचे काही देणे लागतो, ही जाणीव विरळा आढळते. अजिंठ्याच्या चित्रकाराने कातळ ठरीव काढला, नदी संकेताने दाखविली, दरीची भव्यता तर रंगविलीच नाही. परंतु दरीत पडलेल्या माणसाला पाठीवर घेऊन वर येणारा प्राणी त्याने अशा ममतेने व अशा अचूकपणे रंगविला, की पंधरा शतकांनंतरही पाहणाऱ्यास आपण त्या चित्रात कोणाच्या जागी आहोत, ह्याचा विचार करावा लागतो. निसर्गप्रेरित कलेचे मोठेपण दृश्याच्या भव्यतेवर अवलंबून नसून दृश्याशी जोडलेल्या नात्याच्या खरेपणावर अवलंबून असते, ह्याचे अजिंठा हे श्रेष्ठ प्रमाण होय.